योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग: गिळायची गोळी की आत ठेवायची?

भाचीला डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिले आणि ती अडली. खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं बुरशीमुळेच असेल, तर गुण दोन्हींनी जवळपास सारखाच येतो. फरक बाकीच्या गोष्टींत.

फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी, गिळली की झालं. पण गरोदरपणात टाळतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर जपून.

क्लोट्रिमाझोलची गोळी रात्री योनीमार्गात ठेवायची. ५०० मिलिग्रॅमची एकदा किंवा १०० ची सहा-सात रात्री. चिकचिक होते, कधी आग. कंडोमही कमकुवत होऊ शकतो. अंगात मात्र फारच थोडी शोषली जाते.

म्हणून गरोदर असेल तिने डॉक्टरांना विचारून क्लोट्रिमाझोल. कटकट नको असेल, इतर औषधं चालू नसतील, तिने फ्लुकोनाझोल. मासळीसारखा वास असेल तर कारण बुरशी नसेलही, म्हणून दोन्ही नकोत, आधी तपासणी.