ट्रीलेस खोगिराखाली नमदा घालावा की फोमचा पॅड?

बिनकामाच्या मजकुराला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. ट्रीलेस खोगीर वापरणाऱ्याला मात्र या भरतीची चेष्टा परवडत नाही. साध्या जिनात लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो. तो स्वाराचं वजन पाठीवर पसरवतो आणि कण्यावर मोकळी वाट ठेवतो. ट्रीलेसमध्ये सांगाडाच नसल्याने ही दोन्ही कामं पॅडवर येतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ घोड्यांच्या पाठीवरचा दाब दुडकीत मोजला, तेव्हा ट्रीलेसखाली वजन सांगाड्याच्या जिनापेक्षा कमी जागेत एकवटलेलं दिसलं.

नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर. इंग्रजीतला 'नम्ना' हा शब्दही यातूनच गेला. इंचभर जाडीचा चांगला नमदा घाम पितो, सरकत नाही आणि वापरता वापरता त्या घोड्याच्या पाठीचा आकार घेतो. पण सपाट नमदा कण्यावर वाट ठेवत नाही, आणि पावसाळ्यात भिजला की लवकर वाळतही नाही. शिवाय वर्षानुवर्षं दबून तो पातळ होतो, हे रोज बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

फोमच्या पॅडला कण्याच्या दोन्ही बाजूंना खिसे असतात आणि त्यात फोमच्या पट्ट्या बसतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर हीच कण्याची वाट. वजनदार स्वार असेल तर कडक पट्टी घाला, दबली की तेवढीच बदला. हा मोठाच फायदा. फक्त गादीसारखा मऊ फोम घेऊ नका. पट्टी टेबलावर ठेवून मुठीने दाबा. खालचं लाकूड हाताला लागलं तर स्वाराखालीही तेच होणार. कडक फोम घाम शोषत नाही, म्हणून पाठीला लागणारा थर लोकरीचा हवा.

मेंढीचं कातडं तिथेच शोभतं. हवा खेळते, घासत नाही, पण एकटं ते वजनाखाली चपटं होतं. जेलचा पॅड जड आणि गरम, तो सोडूनच द्या.

माझं मत सांगतो. हलका स्वार, तासाभराची रपेट आणि खांद्यामागचा उंचवटा ठळक असलेला घोडा असेल, तर वाट राखून घडवलेला नमदा पुरे. वजन जास्त किंवा रपेट लांबची असेल तर फोमच. गोल पाठीच्या घोड्यावर मात्र पॅडचे थर चढवत जाऊ नका. जितकी उंची, तितकं खोगीर कलंडतं, आणि मग माणसं तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळत सुटतात. चढताना ओटा वापरा, रिकिबीवर लटकून चढू नका.

रपेटीनंतर खोगीर काढल्यावर लगेच पाठ पाहा. सगळीकडे घाम आणि रिकिबीच्या पट्ट्याखालीच कोरडा चट्टा दिसला, तर तिथे बहुधा दाब पडतोय. तिथे पांढरे केस उगवले असतील, तर हे बघायला तुम्ही फार उशीर केलाय.