कानबान कार्डांचे सॉफ्टवेअर: मागणीचा हिशेब चोख, पुरवठ्याचा अपुरा

असेंब्ली लाइनला लागणाऱ्या सुट्या भागांची कानबान कार्डे (प्रत्येक बिनमागे, म्हणजे भाग ठेवायच्या डब्यामागे, एक; बिन रिकामा झाला की नवा माल मागवणारे कार्ड) किती असावीत, हे ठरवण्यासाठी आम्ही काही महिन्यांपासून एक साठा-नियोजन सॉफ्टवेअर वापरत आहोत. पूर्वी सरसकट सर्व भागांवर दहा टक्के जादा साठा धरला जाई. परिणामी स्थिर मागणीच्या भागांचे बिन पडून राहत आणि ज्यांची मागणी अचानक उसळी घेई, त्यांच्यासाठी लाइन थांबे. हे सॉफ्टवेअर प्रत्येक भागाच्या मागणीतील चढउतार स्वतंत्रपणे मोजते आणि ते काम खरोखर चोख करते.

एका भागाचे उदाहरण देतो. रोजची सरासरी मागणी ४८० नग, तिचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ८० नग, लीड टाइम (माल मागवल्यापासून तो येईपर्यंतचा वेळ) ४ दिवस आणि एका बिनमध्ये ४० नग. ९५ टक्के सेवा पातळीसाठी (म्हणजे माल न संपण्याची तेवढी शक्यता) २६४ नगांचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे सुरक्षेसाठीचा जादा साठा, धरून सॉफ्टवेअर ५५ कार्डे सुचवते. पातळी ९९ टक्के केली की ५८. जादा खात्रीची किंमत तीन बिन आहे हे समोर दिसले, की उत्पादन आणि भांडार या दोन विभागांतील वाद लवकर मिटतो.

मोठी उणीव पुरवठ्याच्या बाजूला आहे. लीड टाइम कधीच बदलत नाही, असे हे सॉफ्टवेअर गृहीत धरते. याच भागाच्या लीड टाइममध्ये एका दिवसाचे प्रमाण विचलन धरले, तर ९५ टक्क्यांसाठीचा सेफ्टी स्टॉक सुमारे ८३५ नगांवर जातो आणि कार्डे ६९ लागतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन काही दिवस ठप्प झाले. तसल्या आपत्तीला कोणतेही सूत्र पुरणार नाही, हे मान्य आहे. परंतु पुरवठादाराचा नेहमीचा उशीर आवक नोंदींत स्वच्छ दिसत असताना तो हिशेबाबाहेर ठेवणे मला गंभीर वाटते.

शिवाय माल संपलेल्या दिवसांचा कमी वापर हीच कमी मागणी समजली जाते. ते दिवस हातानेच वगळावे लागतात. कार्डांतील बदल मात्र नियोजकाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही, ही व्यवस्था अतिशय योग्य आहे.

पुरवठादार जवळचा आणि वेळेचा पक्का असेल, तर हे सॉफ्टवेअर निःशंकपणे घ्यावे. लांबून येणाऱ्या भागांची कार्डे आम्ही अजूनही वेगळ्या तक्त्यात काढतो.