उकळून चावायचा माउथगार्ड: कबड्डीला चालतो, दातांच्या तारांना नाही

खेळाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा हा गार्ड. दात सरळ असलेल्या मुलाला तो बऱ्यापैकी पुरतो. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या दात पुढे आलेल्या मुलाच्याच तोंडात तो नीट बसत नाही, ही खरी अडचण.

मार बसतो तो बहुधा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना. ते खालच्या दातांपेक्षा ३ मिमीहून जास्त पुढे असले की धोका जवळपास दुप्पट होतो. वरचा ओठ त्यांना झाकत नसेल तर आणखी भर. अशा दातांवरून ताणला गेलेला गार्ड नेमका पुढच्या बाजूने पातळ होतो, आणि तिथेच तर किमान ३ मिमी जाडी हवी.

बसवताना घाई नको. पाणी उकळून गॅस बंद करा, पाकिटावर लिहिलेला वेळच (बहुधा २० ते ३० सेकंद) गार्ड बुडवा, निथळून वरच्या दातांवर ठेवा. हलकेच चावा, बोटांनी बाहेरून दाबा, जिभेने आतून, आणि हवा ओढून घ्या. मग थंड पाण्यात. इथे बहुतेक मुले कचकचून चावतात. गार्ड दाढांखाली कागदासारखा होतो आणि पैसे वाया जातात. मागच्या कडेमुळे उलटी आल्यासारखे होत असेल तर ती कात्रीने थोडी थोडी कापा, पण पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे येऊ नका.

तोंड उघडल्यावर गार्ड खाली पडला तर पुन्हा बसवा. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याला श्वास न तोडता ‘कबड्डी’ स्पष्ट म्हणता यायला हवे. गार्ड सैल असला तर तो दातांत धरून ठेवावा लागतो आणि ‘कबड्डी’ म्हणतानाच दम तुटतो. नाशिकच्या पंचवटी-सातपूरकडच्या मुलांनी सामन्याआधी आठवडाभर सरावात घालून बघावा.

तारा लावलेल्या मुलांनी हा घेऊच नये. मऊ झालेले प्लास्टिक ब्रॅकेटमध्ये (तार धरणाऱ्या, दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांत) अडकून घट्ट होते आणि दात सरकवण्याच्या उपचारालाच आडवे येते. त्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टला (तारा लावणाऱ्या दंतवैद्याला) विचारून तारांसाठीचा वेगळा घ्यावा. दात पुढे असणाऱ्यांनी दंतवैद्याकडून माप देऊन बनवलेला घ्यावा. महाग पडतो, पण तुटलेल्या दाताच्या रूट कॅनल आणि कॅपपुढे काहीच नाही.

गोल्फ क्लब मैदानावर लेदर बॉलने यष्टीमागे उभे राहणाऱ्याला मात्र आधी जाळीचे हेल्मेट, गार्ड नंतर. गंगापूर रोडवर सायकल चालवणाऱ्यांचे नेहमीचे हेल्मेट डोके वाचवते, हनुवटी आणि दात उघडेच.

वापरल्यावर गार पाण्याने धुवा, भोके असलेल्या डबीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर आकार बिघडतो. नवीन दाढ येत असेल किंवा कडा चावून फाटल्या असतील तर गार्ड बदला.