अकरावीसाठी हायड्रोकार्बन चाचणी संच: रसायने उत्तम, पुस्तिका अपुरी

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी यंदा हायड्रोकार्बनच्या गुणधर्मांची चाचणी घेण्याचा एक तयार संच मागवला. त्यात हेक्झेन, सायक्लोहेक्झीन व टोल्युईन हे तीन द्रव, ब्रोमीन जल, पोटॅशियम परमँगनेट, सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि कॅल्शियम कार्बाइडचे खडे आहेत. द्रवांची निवड विचारपूर्वक केलेली आहे. तिन्ही रंगहीन, पाण्यात न मिसळणारे आणि पाण्यावर तरंगणारे (हेक्झेनची घनता सुमारे 0.66, टोल्युईनची 0.87) असल्यामुळे नुसते पाहून ते ओळखता येत नाहीत आणि विद्यार्थ्याला अभिक्रियेचाच आधार घ्यावा लागतो. बेंझीनऐवजी टोल्युईन दिले हे मला विशेष पटले, कारण कर्करोगकारक बेंझीन मुलांच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही.

सायक्लोहेक्झीनमध्ये ब्रोमीन जलाचे थेंब टाकून परीक्षानळी हलवली की दुहेरी बंधावर ब्रोमीनचे समावेशन होते (ब्रोमीन त्या बंधाच्या कार्बनांना जोडले जाते) आणि नारिंगी रंग पाहता पाहता जातो. हेक्झेन व टोल्युईनच्या नळ्यांत मात्र रंग नाहीसा न होता खालच्या पाण्याच्या थरातून वरच्या थरात जातो, कारण ब्रोमीन पाण्यापेक्षा या द्रवांत अधिक विरघळते. सोबतच्या पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही, त्यामुळे फिकट झालेला खालचा थर पाहून मुले ‘रंग गेला’ अशी नोंद करतात आणि टोल्युईनला अल्कीन (दुहेरी बंध असलेला हायड्रोकार्बन) ठरवून मोकळी होतात. उजेडाचा उल्लेखही पुस्तिकेने टाळला आहे. हेक्झेनची नळी उन्हात ठेवली तर प्रतियोजन (हायड्रोजनची जागा ब्रोमीनने घेणे) होऊन तिच्यातला रंगही हळूहळू जातो आणि हायड्रोजन ब्रोमाइड तयार होते. म्हणून एक नळी काळ्या कागदात गुंडाळून व दुसरी उन्हात ठेवून तुलना करावी, म्हणजे समावेशन आणि प्रतियोजन यांतला फरक मुलांना प्रत्यक्ष दिसतो. संचातील रसायनांत हा प्रयोग सहज होतो, मग तो पुस्तिकेत का नसावा?

थंड, विरल, अल्कधर्मी परमँगनेटची बायर चाचणी (दुहेरी बंध ओळखण्याची) स्वच्छ उतरते: सायक्लोहेक्झीनमध्ये जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो. ज्वलनात टोल्युईनची दाट काजळी ठळक दिसते, पण हे द्रव अतिज्वलनशील असल्याने तो प्रयोग शिक्षकांनीच एक-दोन थेंबांवर करून दाखवावा.

माझी सर्वात गंभीर तक्रार अल्काइनच्या (तिहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनच्या) चाचणीबद्दल आहे. कार्बाइडवर पाणी टाकून मिळणारा ॲसिटिलीन वायू अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमधून सोडला की सिल्व्हर ॲसिटिलाइडचा पांढरट अवक्षेप मिळतो, आणि हा अवक्षेप वाळल्यावर धक्क्यानेही स्फोट पावतो. सिल्व्हर नायट्रेट व अमोनिया वेगवेगळ्या बाटल्यांत देऊन उत्पादकाने योग्य काळजी घेतली आहे, कारण त्यांचे तयार मिश्रण साठवून ठेवणेही धोक्याचे असते. तरीही अवक्षेप ओला असतानाच विरल नायट्रिक आम्लाने नष्ट करावा ही सूचना पुस्तिकेत नाही, आणि ते आम्लही संचात नाही. ज्या महाविद्यालयात धूर-कक्ष आहे आणि अनुभवी प्रयोगशाळा सहायक आहेत, त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. इतरांनी कार्बाइडचा डबा बाजूला ठेवून उरलेल्या चाचण्याच कराव्यात.