रिमॉर्गेजसाठी ब्रोकर घेतला त्याचा रिव्ह्यू (यूके), ५ पैकी ४

ज्यांचं इथे यूकेमध्ये आधीच घर आहे, फिक्स (ठराविक वर्षांसाठी पक्का केलेला व्याजदर) संपत आलंय आणि मधल्या काळात घरातल्या कमाईचं गणित बदललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. रिमॉर्गेज म्हणजे त्याच घरावरचं कर्ज नव्या डीलवर किंवा दुसऱ्या बँकेत नेणं. पहिलं घर घेणाऱ्यांना याचा फार उपयोग होणार नाही, त्यांची भानगड वेगळी असते.

आमचं पाच वर्षांचं फिक्स २०१९ मध्ये घेतलेलं, तेव्हा दोघंही पर्मनंट नोकरीत. २०२४ मध्ये ते संपायला आलं तोवर नवरा स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टिंगला गेला होता आणि कंपनीचे एकाच वर्षाचे अकाउंट्स तयार होते, मी पार्ट टाइम झाले होते, आणि नर्सरीची फी तर ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना माहितीच आहे. पण इतक्या वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही, क्रेडिट कार्डवर बाकी नाही, कर्जाची रक्कम वाढवून मागत नव्हतो, मुदत वाढवून मागत नव्हतो. फक्त दुसऱ्या बँकेचा रेट बरा दिसत होता म्हणून तिकडे जायचं होतं. त्या बँकेला (हाय स्ट्रीटवरचीच मोठी बँक) आम्ही स्वतः फोन केला, त्यांनी सगळं विचारून घेतलं, नर्सरी किती, ट्रेनचा पास किती, गाडीचा हप्ता आहे का, पेन्शनमध्ये किती टाकता, आणि शेवटी सांगितलं की आत्ता तुमच्या डोक्यावर जेवढं कर्ज आहे तेवढंसुद्धा आम्ही देऊ शकत नाही. मला खरंच कळेना की जो हप्ता आम्ही दर महिन्याला भरतोच आहोत तो आम्हाला परवडत नाही हे हे लोक कसं काय ठरवतात. त्यानंतर एका ओळखीच्या ताईंनी या ब्रोकरचं नाव दिलं. छोटी फर्म आहे, होल ऑफ मार्केट, म्हणजे ठराविक बँकांना बांधलेली नाही.

पहिल्याच कॉलमध्ये ब्रोकरबाईंनी जे समजावून सांगितलं त्यासाठी मी त्यांना चार स्टार देतेय. २६ एप्रिल २०१४ पासून मॉर्गेज मार्केट रिव्ह्यूचे नियम लागू झाले, एफसीएचे (बँका आणि कर्जांवर देखरेख करणारी यूकेची नियामक संस्था). त्याच्या आधी काही कर्जांत लोक उत्पन्नाचा आकडा स्वतःच लिहून द्यायचे आणि बँका तो तपासतही नव्हत्या, सेल्फ सर्ट म्हणायचे त्याला. ते बंद झालं. प्रत्येक कर्जाला उत्पन्नाचा पुरावा पाहिजे, खर्च बघायचा, आणि उद्या व्याजदर वाढले तरी हप्ता झेपेल का हे बँकेनेच तपासायचं, जबाबदारी बँकेची. यात चुकीचं काही नाही असं माझं मत आहे. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या बाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्यात ते कुणी म्हणणार नाहीत की पूर्वीचं बरं होतं.

त्रास होतो तो पुढे. समजा दोन लाख पौंड कर्ज आहे, २५ वर्षं शिल्लक. फिक्स संपलं आणि काहीच केलं नाही तर तुम्ही बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर जाता, तो तेव्हा बऱ्याच बँकांचा ८ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे हप्ता साधारण १,५४४ पौंड. दुसऱ्या बँकेत ५ टक्के मिळाले तर १,१६९. महिन्याला पावणेचारशे पौंडांचा फरक. पण दुसरी बँक तुम्हाला ५ टक्क्यांवर तपासत नाही, ती स्वतःचा जास्तीचा स्ट्रेस रेट (व्याज वाढलं तर म्हणून धरलेला चढा दर) लावते आणि म्हणते नाही झेपणार, आणि मग तुम्ही मुकाट्याने तो १,५४४ भरत बसता. ज्या माणसाला जास्त हप्ता परवडतोय त्याला कमी हप्ता परवडत नाही असं उत्तर येतं. बँक ऑफ इंग्लंडची ३ टक्के वाढवून बघायची जी अट होती ती ऑगस्ट २०२२ मध्ये काढली, तरी एफसीएची किमान १ टक्क्याची अट राहिली होती आणि त्यावर बँकांचे स्वतःचे आकडे होतेच. रेट पाच वर्षं किंवा जास्त काळ फिक्स असेल तर ही तपासणी सैल होते, हे आम्हाला त्या मोठ्या बँकेत कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही दोन वर्षांचं मागत होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये एफसीएने नियम थोडा बदलला. जुना कर्जदार आहे, हप्ते वेळेवर आहेत, जास्त पैसे मागत नाही, घर बदलत नाही, अशा माणसासाठी नवी बँक साधी तपासणी करू शकते, नवा हप्ता आताच्या हप्त्यापेक्षा परवडणारा आहे का एवढं बघून. करू शकते, करायलाच पाहिजे असं नाही. आणि इथेच सगळं अडत होतं, कारण तेव्हा फार थोड्या बँका ते वापरत होत्या. मला हे ऐकून राग आला आणि अजूनही येतो. सवलत दिली पण ती बँकेच्या मर्जीवर सोडली, तर दारात उभ्या असलेल्या माणसाला तिचा काय उपयोग.

आमच्या बाबतीत त्यांनी दोन्ही बाजूंनी काम केलं. एक म्हणजे एकाच वर्षाचे अकाउंट्स चालणाऱ्या आणि नवऱ्याचा कॉन्ट्रॅक्टचा डे रेट धरून उत्पन्न मोजणाऱ्या बँका शोधल्या (बहुतेकांना दोन वर्षं लागतात, आणि पगार अधिक डिव्हिडंड एवढंच धरतात, कंपनीत ठेवलेला नफा धरत नाहीत). अशी एक बँक मिळालीसुद्धा, पण तिथला रेट आणि अरेंजमेंट फी धरली तर काही हाती लागत नव्हतं. मग त्यांनी सरळ सांगितलं, आहात त्याच बँकेत प्रॉडक्ट ट्रान्सफर घ्या, म्हणजे तेच कर्ज त्याच बँकेच्या नव्या डीलवर. त्यात पैसे वाढवून मागितले नाहीत तर पगाराच्या स्लिपा नाहीत, हप्ता परवडतो का याची तपासणी नाही, वकील नाही, व्हॅल्युएशन नाही. जून २०२३ च्या मॉर्गेज चार्टरमध्ये (सरकार आणि बँकांमधला करार) बहुतेक मोठ्या बँकांनी हे कबूल केलं होतं की हप्ते वेळेवर असतील तर नवी डील परत तपासणी न करता देऊ, आणि फिक्स संपायच्या सहा महिने आधीपासून ती लॉक करता येईल. लॉक केल्यावरसुद्धा सुरू व्हायच्या आधी त्याच बँकेत रेट खाली आला तर बदलून घेता येत होता. त्यांनी आमचा रेट लॉक केला, मग लक्ष ठेवून मेल केला की कमी झालाय, बदलूया का, आणि बदलला. हे मी नोकरी, मूल आणि बाकीचं सगळं सांभाळून केलं नसतं, तारीखच डोक्यात राहिली नसती.

फी दुसऱ्या बँकेत रिमॉर्गेज झालं असतं तर ३९५ पौंड होती, प्रॉडक्ट ट्रान्सफरला आमच्याकडून काहीच घेतलं नाही, त्यांना बँकेकडून कमिशन मिळतं आणि ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. जिथे स्वतःची फी बुडते तो पर्याय समोरून सुचवला याचं मला कौतुक वाटतं.

एक स्टार का कापला तर त्यांचं कागद अपलोड करायचं पोर्टल अगदीच वाईट आहे, एसए३०२ आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू (उत्पन्न आणि कराचे टॅक्स खात्याचे कागद) परत परत टाकायला लागले, फोटो चालत नाही पीडीएफच पाहिजे हे नंतर कळलं. फोन सकाळी लागतच नाही. आणि लाइफ इन्शुरन्सचा विषय प्रत्येक कॉलमध्ये येतो, नको म्हटलं तरी पुढच्या वेळी परत, ते थांबवायला पाहिजे.

माझ्या एका मैत्रिणीलाही मी त्यांच्याकडे पाठवलं. तिचं कर्ज २००८ च्या आधीचं, मूळ बँक बुडाली आणि तिचं खातं दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं जी नवीन मॉर्गेज देतच नाही. तिथे प्रॉडक्ट ट्रान्सफर हा प्रकारच नाही, कारण द्यायला डीलच नाहीत. बाहेर जायचं तर घटस्फोटानंतर एकटीच्या पगारावर कुणी घेत नाही, वर कर्ज इंटरेस्ट ओन्ली, म्हणजे हप्त्यात फक्त व्याज, मुद्दल तसंच. अशा लोकांना मॉर्गेज प्रिझनर म्हणतात, एफसीएनेच २०२१ मध्ये असे ४७,००० लोक मोजले होते. इतकी वर्षं नियमित भरणारी बाई आहे ती. ब्रोकरबाईंनी तिची सगळी कागदपत्रं बघितली, एक पैसा न घेता, आणि आत्ता मार्ग नाही असं स्पष्ट सांगितलं, कुठेतरी अर्ज टाकून क्रेडिट रिपोर्टवर हार्ड सर्च (इतर बँकांना दिसणारी चौकशीची नोंद) पाडून घेतला नाही. पुढच्या वर्षी कर्ज घराच्या किमतीच्या ६० टक्क्यांखाली आलं की परत बघू म्हणाल्या आणि तारीख लिहून ठेवली.

तुम्ही कुठलाही ब्रोकर घेणार असाल तर पहिल्या कॉलला एवढं विचारा: प्रॉडक्ट ट्रान्सफरची तुलना करून देता का आणि त्याची फी किती, माझ्यासारख्या जुन्या कर्जदाराला साधी तपासणी लावणारी कुठली बँक तुमच्याकडे आहे का, आणि डिसिजन इन प्रिन्सिपलला (बँकेच्या प्राथमिक होकाराला) सॉफ्ट सर्च होतो की हार्ड. पहिल्या प्रश्नालाच जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका. आणि फिक्स संपायच्या सहा महिने आधी फोन करा, बँकेचं पत्र यायची वाट बघू नका, आमचं पत्र आलं तेव्हा रेट लॉक होऊन बराच काळ झाला होता.