रिसीव्हरवर ठेवायचा डबल पंखा: उपयोग आहे, पण आधी बाण बघा

गेल्या चवथीला घरात वीसेक माणसं, आरती झाल्यावर भजनं लावलेली आणि अर्ध्या तासात रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा, टक् करून बंद. डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट', म्हणजे स्वतःला वाचवायला आपणहून बंद पडलेला. आमचा रिसीव्हर टीव्हीखालच्या लाकडी कपाटात, वर जेमतेम चार बोटं जागा, मागे वायरींपुरतं एक भोक, त्यात स्पीकर 4 ओहमचे म्हणजे करंट जास्त ओढणार आणि रिसीव्हर जास्त तापवणार, वर गोव्यातल्या मिरामारचा दमटपणा. वरचा पत्रा नुसता तवा झालेला. भावोजी म्हणाले विकून टाक, मी म्हटलं आधी पंखा लावून बघूया.

ऑनलाइन 120 एमएमच्या दोन पंख्यांचा यूएसबीवाला सेट मागवला, चौदाशेला पडला. खाली रबराचे पाय, वायरीला तीन स्पीडचं बटण. रिसीव्हरच्याच यूएसबीला जोडला, त्यामुळे तो ऑन केला की पंखा आपोआप चालू, ही सोय मस्त.

पहिले दोन दिवस फरक शून्य, उलट जळक्या धुळीचा वास. एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, मग देवघरातली उदबत्ती आणून पंख्यावर धरली तर धूर वर जायचा सोडून सरळ जाळीतून रिसीव्हरच्या आत! उलटा ठेवला होता मी. चूक माझीच, पण डब्यात साधा एक कागद नाही हो. फ्रेमच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण आहे, तोही काळ्यावर काळा, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. गरम हवा तशीही वरच जाते, तिला ओढून बाहेर काढायचं, वरून दाबत बसायचं नाही.

आणि सुलटा केला तरी कपाट बंद असेल तर तीच हवा आतल्या आत फिरते. शेवटी सुताराकडून मागच्या प्लायला वरच्या अंगाला रिमोटएवढी दोन भोकं पाडून घेतली, अर्धं काम खरं तर त्यानेच झालं. तासभर गाणी वाजवून मल्टीमीटरच्या प्रोबने पत्रा मोजला, आधी 61 डिग्री होता तो 44 वर आला. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणारा छोटा भाग) आयुष्य 10 डिग्री वाढली की साधारण निम्मं होतं, त्यामुळे बंद पडत नसला तरी थंड ठेवलेला बरा.

आवाज म्हणाल तर एक नंबरवर तानपुरा लावला तरी कळत नाही, दोनवर रात्री थोडी घरघर, तीनवर टेबलफॅनच.

तक्रार एकच, आठ महिन्यांत जाळीचे स्क्रू गंजले. खारा वारा आहे हे मान्य, पण एवढ्या लवकर? समुद्राजवळ राहत असाल तर पहिल्याच दिवशी स्टेनलेसचे घाला. पाचपैकी साडेतीन स्टार, कागद घातला असता तर चार दिले असते.

आता उठतो, आईने धूळ बसते म्हणून पंख्यावर परत क्रोशाचा रुमाल घातलाय.