१८००, १८६० की मुंबईचा ०२२? कस्टमर केअरला फोन लावण्याआधी

मे महिन्यात नागपुरात फ्रिज बंद पडला की घरात आधी वॉरंटी कार्ड शोधलं जातं आणि त्यावर जो पहिला नंबर दिसेल तो फिरवला जातो. त्या घाईत नंबर कोणत्या जातीचा आहे हे कोण बघतं? कार्ड, बिल आणि वेबसाइट मिळून बहुतेक मोठ्या कंपन्यांचे तीन-चार नंबर निघतात. एक १८०० चा, एक १८६० चा, मुंबई किंवा दिल्लीची लँडलाइन आणि हल्ली व्हॉट्सॲप. यातला फुकट कोणता आणि पैसे कोणत्याला, हे शेजारी छापलेलं क्वचितच सापडतं. छापलंच तर ‘चार्जेस लागू’ एवढंच. किती लागू, ते तुमचं तुम्ही बघा.

सुरुवात १८६० पासून करतो, कारण घोळ तिथेच आहे. दिसायला हा नंबर १८०० चा सख्खा भाऊ, म्हणून लोक त्यालाही टोल फ्रीच समजतात. तो तसा नाही. देशात कुठूनही एकच नंबर लागतो, लोकल कॉलचे पैसे फोन करणाऱ्याने द्यायचे आणि वरचा भार कंपनीने उचलायचा, अशी ती व्यवस्था आहे. एसटीडीच्या काळात ही खरोखर सवलत होती. बर्डीवरच्या पीसीओत उभं राहून मुंबईला बोलताना नजर सतत मीटरवर असायची. तिथे लोकल दरात काम होत असेल तर कुणाला नको? पण आता महिन्याच्या पॅकमध्ये लोकल आणि एसटीडी दोन्ही अनलिमिटेड असतं आणि १८६० मात्र बऱ्याच पॅकमध्ये धरलेला नसतो. म्हणजे मुंबईच्या ०२२ ला तासभर बोला, काही कटत नाही. आणि ‘लोकल दराच्या’ नंबरला पैसे पडतात. सवलतीचा नंबर महाग आणि लांबचा फुकट, असा हा उलटा कारभार झाला आहे.

हे पैसे मेन बॅलन्समधून जातात, आणि प्रीपेडवाल्यांच्या मेन बॅलन्समध्ये आताशा असतं काय? मनीषनगरातल्या आमच्या एका काकूंनी एका कंपनीच्या १८६० वर सकाळभर फोन लावला. प्रत्येक वेळी एक बाई काहीतरी बोलायची आणि फोन कटायचा. ‘काहून लागून नाही राहिला रे हा? पॅक तर परवाच मारला,’ असं म्हणत फोन माझ्या हातात दिला. बॅलन्स तपासला तर दीड जीबी डेटा शिल्लक, कॉल अनलिमिटेड आणि मेन बॅलन्स शून्य रुपये. ती बाई मघापासून हेच सांगत होती, फक्त इंग्रजीत. दहा रुपयांचा टॉपअप मारला तेव्हा कुठे ‘मराठीसाठी तीन दाबा’पर्यंत पोचलो.

रक्कम मोठी नसते, हे कबूल. खरा फरक होल्डवर ठेवतात तेव्हा पडतो. १८०० वर तुम्ही गाणं ऐकत थांबता त्या प्रत्येक मिनिटाचं बिल कंपनीला येतं, त्यामुळे तिथे माणूस लवकर बसवण्यात कंपनीचाच फायदा असतो. १८६० वर थांबण्याचा भार तुम्हीही उचलता, मग तिकडची घाई तेवढी कमी. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य ऐकायला पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

१८०० बद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोन करणाऱ्याला फुकट, मोबाइलवरूनही, शून्य बॅलन्सवरही. दोष एवढाच की मेन्यू लांब असतो आणि परदेशातून हा नंबर सहसा लागत नाही. मुलगा पुण्याहून लंडनला गेला आणि त्याचं इथलं कार्ड अडकलं, तर त्याला +९१ ने सुरू होणारी लँडलाइनच लागेल. ती आधीच लिहून द्या.

ही लँडलाइन म्हणजे माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित पर्याय. वेबसाइटच्या तळाशी, ‘नोंदणीकृत कार्यालय’च्या पत्त्याखाली ती असते. पॅकमध्ये बसते, पण ऑफिसच्या वेळेतच उचलतात आणि उचलणारा कधी कधी ‘कस्टमर केअरला लावा’ म्हणून तोच १८६० पुढे करतो. तेव्हा सरळ विचारायचं: टोल फ्री नंबर कोणता? असेल तर ते सांगतात. स्थानिक सर्व्हिस सेंटरचा ०७१२ चा नंबर असेल तर त्याहून बरं. सक्करदऱ्याला माणूस कधी येणार हे मुंबईच्या कॉल सेंटरपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

व्हॉट्सॲप किंवा ईमेल हळू चालतं. बॉट तेच ते विचारतो. पण लिहिलेलं राहतं, तारखेसकट. फोनवर ‘हो सर, करून देतो’ म्हणाला त्याचा पुरावा कुठून आणणार? त्यामुळे घाई नसेल तर आधी लेखी, आणि फोन केलाच तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवायचा नाही.

एक खबरदारी चारही पर्यायांना लागू. नंबर गुगलवर शोधून लावू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर कस्टमर केअरच्या नावाने बसलेले असतात. कार्डाची मागची बाजू, बिल, वेष्टन किंवा कंपनीचं स्वतःचं ॲप, एवढ्याच जागा. वेष्टनावर तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापणं २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी बंधनकारकच आहे. तो फोन फुकट असावा, असं मात्र तिथे म्हटलेलं नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कायद्याने मिटवला. युरोपीय न्यायालयाने २ मार्च २०१७ ला एका जर्मन दुकानाच्या प्रकरणात निकाल दिला की, घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक फोन करतो तेव्हा त्याला साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे पडता कामा नयेत. ब्रिटनमध्ये हा नियम जून २०१४ पासूनच आहे, आणि १ जुलै २०१५ पासून ०८४, ०८७ सारख्या नंबरांच्या जाहिरातीत कंपनी मिनिटाला किती घेते ते छापावं लागतं. आपल्याकडे असा दर छापलेला दिसला तर कळवा, मी स्वतः जाऊन बघीन.

मग लावायचा कोणता? खात्यातून पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका: बँकेचा १८०० आणि सोबत १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. अशा तक्रारीसाठी वेगळी टोल फ्री हेल्पलाइन ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. तेव्हा कार्डावर फक्त १८६० दिसला तरी बँकेच्या वेबसाइटवर दुसरा असणारच. वीज गेली तर महावितरणचा १९१२, तोही टोल फ्री. फ्रिज, कूलर, गिझरसाठी आधी १८००, तो नसेल तर ०७१२, मग लेखी. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी थेट त्या साइटच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला मेल; २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकालात काढायची. १८६० सगळ्यांत शेवटी, आणि तोही मेन बॅलन्स बघून.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुरुग्रामला, तुम्ही नागपुरात राहता म्हणून तक्रार नागपुरातच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कॉलचे कटलेले चार रुपये घेऊन कुणी आयोगात जाणार नाही. पण फ्रिजची तक्रार लिहितच असाल, तर त्यात कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा आणि एक ओळ वाढवा, की तक्रार नोंदवायला दिलेल्या नंबराला पैसे पडतात हे कंपनीने कुठेही सांगितलेलं नव्हतं.